मीठबंगल्यातली भरती

आमच्या जिंतूरकडं भरती या शब्दाला एकच अर्थ आहे. पोलीस भरती, सैन्य भरती, फार तर वनखात्याची भरती. सकाळी सकाळी येलदरी रोडला जाऊन बघा, पळणारी पोरं-पोरी दिसतील. एखादा पोरगा दिवसाढवळ्या बाजेवर घोरत पडलेला दिसला, तर त्याची आजीच कौतुकानं सांगते, "भरतीचं करायलाय." पाण्यालाही भरती येते हे मी सातवीच्या वर्गाला कैक वर्षं शिकवलं, फळ्यावर चंद्र-सूर्य काढून शिकवलं, पण ते पुस्तकातलं. आमच्याकडं पाणी येतं ते नळाला नाहीतर टँकरनं, आणि त्याला कुणी भरती म्हणत नाही.

अलिबागहून आल्यापासून शाळेतल्या बाया विचारतात, समुद्र कसा होता, ते हेरिटेज हॉटेल कसं होतं, आम्हाला जायचं तर जावं का? जरूर जावं. दोन्ही छान होतं. पण माझ्या लेकीची, प्रज्ञाची, शेवटची भरती तिथं हुकली आणि ती माझ्या कानांमुळं हुकली, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणी आशा लावून बसणार नाही.

गुरुवार

हॉटेलात राहायची टूम माझी. त्याच्या आधीच्या भरतीला आम्ही मायलेकी एका मोठ्या शहरात स्टेशनच्या फलाटावर चादर अंथरून पडलो होतो. सकाळी पोरीच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि धावण्यात ती थोडक्यात गेली. या खेपेला वयाची अट संपत होती, परत अर्ज करायची सोय नव्हती. म्हणून मी ठरवलं, पोरगी पलंगावर झोपली पाहिजे, पंख्याखाली झोपली पाहिजे, आणि दोन दिवस आधी जाऊन तिथल्या हवेला सरावली पाहिजे. आपल्याकडं एकेका जागेला पोरींची झुंबड उडते म्हणून तिनं अर्ज दूरच्या जिल्ह्याचा भरला होता. ग्राउंड अलिबागला, रविवारी होतं. ग्राउंड म्हणजे धावणं, गोळाफेक वगैरे मैदानी चाचणी. भरतीची पोरं तिला ग्राउंडच म्हणतात.

मोबाइलवर शोधता शोधता मला 'मीठबंगला' सापडला. खाली लिहिलं होतं, बजेट हेरिटेज. प्रज्ञाचे बाबा कोर्टात लिपिक आहेत, त्यांना प्रत्येक शब्दाची व्याख्या लागते. म्हणाले, "हेरिटेज म्हंजे जुनं. जुन्या घरात ऱ्हायला एवढ्या लांब काहून जायलाव? आपलं घर काय नवं हाय का?"

पण खरं सांगायचं तर मला समुद्र बघायचा होता. येलदरीच्या धरणापेक्षा मोठं पाणी मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

रेल्वेचं आणि एसटीचं पुराण लावत नाही. मीठबंगल्याच्या दारात उतरलो तेव्हा आधी वास आला, मग आवाज, आणि समुद्र सगळ्यात शेवटी दिसला. बंगला कुण्या काळी मिठाच्या व्यापाऱ्याचा. खाली मिठाची गोदामं, वर राहायची जागा. काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात एक लेकरू पाय लांब करून झोपेल. वर कौलं, समोर लाकडी गॅलरी, आणि गॅलरीच्या खालून दगडी पायऱ्या थेट वाळूत उतरलेल्या. पैसेवाल्यांच्या खोल्या वरती होत्या, त्यांना 'गलबत', 'शिडाचं जहाज' अशी ऐटबाज नावं. आमच्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'गोदाम दोन'. आत मच्छरदाणीच्या दांड्यांचा लोखंडी पलंग, चुन्याच्या भिंतीवरून फिरवलेली वायर, आणि एक सूचना: भिंतीला टेकू नये. मी सूचना वाचायच्या आधीच टेकले होते. पाठीला पांढरा पट्टा घेऊन मी पहिला सबंध दिवस फिरले आणि कुणी बोललं नाही, यावरून कोकणी माणसं भिडस्त असतात असं माझं मत झालं.

त्या भिंतींतून मोबाइलला रेंज येत नव्हती. गॅलरीच्या समुद्राकडच्या टोकाला एक पत्र्याची पाटी लावलेली होती, 'येथे फोन लागतो'. त्या टोकाला पाहुणे उभे राहून समुद्राशी भांडत असल्यासारखे ओरडून बोलायचे.

हॉटेल सांभाळणारे ते नाना. मालक मुंबईत, इथलं सगळं नानांच्या अंगावर. साठीचा, वाळक्या अंगाचा माणूस. गुडघ्यापर्यंत चड्डी, खांद्यावर पंचा. स्वयंपाक त्यांचा, झाडलोट त्यांची, पाहुण्यांची चौकशीही त्यांचीच. आम्ही परभणीकडचे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "परभणी म्हणजे नागपूरच्या कुठल्या बाजूला?"

मी म्हटलं, "नागपूरला जाऊ नका हो नाना, मधीच उतरा."

पोरगी भरतीला आलीय हे कळल्यावर मात्र त्यांनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लगेच दोन अंडी उकडायला टाकली.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, "कालवण कशाचं हाय?" आमच्याकडं कालवण म्हणजे भाकरीशी खायची पातळ भाजी. नानांचा चेहरा एकदम खुलला. "कालवं? तुम्ही खाता? अहो, आधी नाय का सांगायचं!" असं म्हणत ते बाहेर पडले आणि कुणाच्या तरी घरून वाटीभर शिंपल्यांतलं काहीतरी घेऊन आले. मसाल्यात परतून समोर ठेवलं. करड्या रंगाचं, बुळबुळीत. आम्ही मांस-मच्छी खाणारी माणसं, पण हे काय आहे ते ना मला कळेना ना प्रज्ञाला. एवढ्या हौसेनं आणलेलं नाही कसं म्हणायचं? डोळे मिटून गिळलं. वाईट नव्हतं. तांदळाची भाकरी मात्र मला शेवटपर्यंत भाकरीसारखी वाटली नाही; ज्वारीच्या भाकरीला चावायला लागतं, ही आपणहून घशात उतरते.

ताटं उचलता उचलता नाना सहज म्हणाले, "उद्या भरती मोठी आहे हां. लवकर उठा."

माझा हात तसाच राहिला. "उद्या? अवो, रविवारी हाय ना?"

"रविवारी पण आहे. पण उद्याची मोठी. अमावास्या जवळ आली ना."

अमावास्येचा आणि पोलीस भरतीचा काय संबंध हे विचारायचंही मला सुचलं नाही. प्रज्ञा तर ताडकन उठून खोलीत गेली आणि बॅगेतून बूट काढून लेस बांधायला लागली. "आई, तारीख बदलली का? मपलं हॉल तिकीट कुठाय?" मी बॅग पलंगावर उपडी केली. नाना दारात येऊन आमची धावपळ बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "एवढी घाई कशाला? दुपारी आहे. लवकर उठायचं ते किल्ला बघायला. आणि बूट घालून पाण्यात जाणार काय?"

मग उलगडा झाला. नाना खोकला येईपर्यंत हसले, प्रज्ञा पलंगावर पडून हसली, आणि मी, सातवीचा भूगोल शिकवणारी, सगळ्यात जास्त हसले. घरी फोन करून प्रज्ञाच्या बाबांना सांगायला त्या पत्र्याच्या पाटीखाली गेले तर मागून नाना म्हणाले, "तुमच्या गावात पाण्याची भरती नाय म्हणजे कमाल आहे." मी म्हटलं, "अन् तुमच्या गावात पोरांची भरती न्हाई का?"

त्या हसण्यात आम्ही दोघांनीही मनाशी एकेक गोष्ट ठरवली. मी काय ठरवलं ते मला ठाऊक होतं. इथं भरती म्हणजे समुद्राची, आपण आपलं ग्राउंड म्हणायचं. नानांनी काय ठरवलं ते मला शनिवारी कळलं.

शुक्रवार

सकाळी पाणी उतरलं होतं. अलिबागचा किल्ला समुद्रातच आहे, पण ओहोटी असली की वाळूवरून चालत जाता येतं. घोडागाड्याही जातात. आम्ही चालत निघालो. निघताना नानांनी बजावलं, "पाणी चढायच्या आत परत या. पाणी चढलं की तिथंच बसून राहाल." मी पायऱ्यांच्या अगदी खालच्या दगडावर चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी निघाले. ओली वाळू पायाला गार लागत होती. तिच्यावर पाण्याच्या लाटांच्या बारीक घड्या पडल्या होत्या, शेवया वळून वाळत घातल्यासारख्या.

किल्ल्यात एक गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे ही विहीर. आमच्याकडं बोअर घेता घेता माणसं खचतात, आणि इथं समुद्राच्या पोटात गोडं पाणी. मला त्याचा राग आला की कौतुक वाटलं, आता नीट सांगता येत नाही. तटावर बसून आम्ही नानांनी दिलेली उकडलेली अंडी खाल्ली.

प्रज्ञा एकदम म्हणाली, "आई, झालं तर झालं. न्हाई तर मानवतच्या कापसाच्या जिनिंगच्या हापिसात लागते. ते लोक बोलवायलेत."

"आधीच न्हाईचं काहून बोलतीस?"

"भ्या वाटायलंय म्हणून."

तिला खाकी का हवी हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझे सासरे गावचे कोतवाल होते. फौजदार गावात आला की त्याची पेटी डोक्यावर घेऊन पुढं चालायचं, आणि तो खुर्चीवर बसला की उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. प्रज्ञा त्यांच्या मांडीवर वाढली. म्हातारा तिला म्हणायचा, "तू खुर्चीत बस, मी तुपली पेटी उचलतो." तो गेला तेव्हा ही दहावीत होती. तेव्हापासून पळायलीय. मी तिला त्या तटावर म्हटलं, "रविवारी तू पळ, बाकीचं मी बघते." हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

विहिरीपाशी मीच रेंगाळले. परत येईस्तोवर पाणी पोटरीपर्यंत आलं होतं, साडी धरून धरून कसंबसं आलो. बंगल्याच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि माझ्या चपलांचा पत्ता नव्हता. दिवाळीला घेतलेल्या, चांगल्या होत्या. नाना वरून बघत होते. "गेल्या?" त्यांनी विचारलं. "गेल्या," मी म्हटलं. त्यांनी स्वतःच्या रबरी चपला मला दिल्या. त्या एवढ्या मोठ्या की चालताना फटफट वाजायच्या. आम्ही गॅलरीत बसून भरती बघितली. नानांनी समजावून सांगितलं, पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं उशिरा चढतं. आजचं दुपारचं, तर उद्याचं आणखी उशिरा. मी मान डोलावली. हे मी शिकवलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी प्रज्ञाच्या पायांना तेल चोळलं. ती पलंगावर पडून मोबाइल बघत होती, रेंज नाही तरी जुनेच व्हिडिओ परत परत. मी तो हातातून काढून घेतला, बंद केला आणि माझ्या पिशवीत टाकला. "डोळ्याला आराम दे. दोन दिवस नीट झोप." ती गोणपाटासारखी झोपली. मला इतकं बरं वाटलं. फलाटावरची ती आणि ही.

मी गॅलरीत येऊन बसले. अंधार पडत होता. नाना बाजारातून आले, सायकल भिंतीला लावली आणि खालूनच म्हणाले, "बाई, उद्या भरती आहे हां. सकाळीच. मुलीला लवकर उठवा."

मी हसले. "आता फसत न्हाई मी, नाना. झोपू द्या लेकराला. भरती काय, रोजचीच हाय."

नानाही हसले. "बरोबर आहे. तुम्हाला सवय आहे," म्हणाले आणि आत मासळी साफ करायला गेले.

एवढंच झालं. याच्यापेक्षा जास्त काहीही झालं नाही.

शनिवार

प्रज्ञा सवयीनं पहाटेच उठली आणि वाळूवर पळायला गेली. ओहोटी होती, किनारा लांबवर मोकळा पडला होता. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले. नाना मासळीबाजाराला गेलेले, बंगल्यात दुसरं कुणी उठलेलं नव्हतं. मी तिला पळताना इतकी निवांत कधी बघितली नव्हती. जिंतूरला ती पळते तेव्हा मी भाकरी थापत असते. ओल्या वाळूवर तिचे पाय नुसते टेकत होते आणि सुटत होते. परत येताना ती थकल्यासारखीही दिसत नव्हती. पायऱ्या चढून आली, माझ्या कपातला चहा पिऊन टाकला आणि म्हणाली, "आई, आज ग्राउंड असतं तर मी काढलं असतं बघ."

मी म्हटलं, "उद्यासाठी ठेव थोडं."

ती आंघोळ करून आली. आम्ही घावने खाल्ले. मग नाना आले. सायकलला मासळीची पिशवी. गॅलरीत आम्हाला दोघींना बघून ते पायरीवरच थांबले.

"तुम्ही अजून इथेच? अहो, भरती ना आज!"

मी अजून हसतच होते. "हाय की. दुपारी."

"दुपारी कसली? सकाळची आहे! रविवारी पाऊस सांगितलाय म्हणून आज घेतली. ग्राउंडवर चहा देतो तो माझा मेहुणा, त्यानेच काल सांगितलं. मी तुम्हाला बोललो की!"

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. मग ती खोलीत गेली, माझ्या पिशवीतून मोबाइल काढला आणि धावत त्या पत्र्याच्या पाटीखाली गेली. मोबाइल चालू झाला, आणि एकामागून एक मेसेज आल्याचा आवाज मला बसल्या जागी ऐकू आला.

रिक्षातलं मला फार आठवत नाही. प्रज्ञा बुटाची लेस बांधत होती आणि ती बांधली जात नव्हती, एवढं आठवतं. मैदानाच्या फाटकातून पोरी बाहेर पडत होत्या. छातीवर नंबर, पायाला धूळ, कुणी रडतेय, कुणी घरी फोन लावतेय. मी नानांच्या त्या चपला फटफट वाजवत आत घुसले. मुलींचं सगळं आटोपलं होतं, चुन्याच्या रेघांवर पोरांची रांग लागली होती.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. भरती, समुद्र, नाना, मी काय काय सांगत होते देव जाणे. त्यांना त्यातलं किती कळलं असेल? ते म्हणाले, "बाई, मेसेज सगळ्यांना गेला होता. तुमच्या मुलीचं नाव पुकारलं, आम्ही थांबलोसुद्धा. आता यादी बंद झाली." शेजारी एक पोलीस मॅडम उभ्या होत्या. प्रज्ञा त्यांच्यापुढं गेली. ती इतकी हळू बोलली की मला जेमतेम ऐकू आलं.

"मॅडम, वेळ लावू नका. नंबर देऊ नका. मी नुसती पळते, तुमी नुसतं बघा."

मॅडमनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मैदानाकडं पाहिलं. तिथं शिट्टी वाजली आणि पोरं पळत सुटली. मॅडमनी प्रज्ञाला पाण्याची बाटली दिली. ती तिनं दोन्ही हातांनी घेतली आणि "थँक्यू मॅडम" म्हणून वळली.

परत आलो तर नाना बंगल्याच्या फाटकातच उभे. आमच्या तोंडाकडं बघून त्यांना विचारावं लागलं नाही. पंचा पिळत म्हणाले, "बाई, मी मुद्दाम भरती म्हटलं हो. तुम्हाला कळावं म्हणून. त्या दिवशी तुमचा घोटाळा झाला ना, तेव्हापासून मी समुद्राला तुमच्यासमोर भरती म्हणायचंच सोडलं. पाणी चढतं, पाणी उतरतं, असंच बोलत होतो. आठवून बघा."

मी आठवून बघितलं. खरं होतं. पाणी चढायच्या आत परत या, असंच म्हणाले होते किल्ल्याला जाताना. भरती हा शब्द त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवला होता, आणि मी तो त्यांच्यासाठी. पाहुण्याची अडचण होऊ नये म्हणून ते माझी भाषा बोलायला लागले, आणि मी शहाणी, त्यांची ऐकायला लागले. ज्याच्या त्याच्या गावचा अर्थ जो तो धरून बसला असता तर पोरगी आज मैदानावर पळाली असती.

आणि पाणी रोज उशिरा चढतं हे मला शुक्रवारीच सांगितलं होतं. दुपारची भरती दुसऱ्या दिवशी सकाळी कशी येईल? सातवीतलं पोरगं उठून विचारेल हे. मी हसले होते. पुन्हा फसायचं नाही, या एकाच विचारानं मी फसले.

दुपारी खरी भरती आली. लाटा पायऱ्यांवर आपटत होत्या, त्यांचा आवाज त्या जाड भिंतींतूनही आत येत होता. प्रज्ञानं बूट धुतले आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवले. मग जेवायला बसली. नानांना जेवण वाढवेना, सारखं काहीतरी सांडत होतं. तिनंच भाकरी ओढून घेतली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, कालवण वाढ की. बघ, कोणतं यायलंय ते."

तिला मला हसवायचं होतं. मला रडू आलं. ताटावर बसून रडणं बरं नाही म्हणतात, पण मी रडले. माझी आई, माझे सासरे गेले तेव्हा रडले त्यापेक्षा जास्त रडले. प्रज्ञा जेवत राहिली. तिनं दोन भाकरी खाल्ल्या, कारण मी रडतेय आणि नाना बघतायत आणि कुणीतरी जेवायला पाहिजे होतं.

परत

रविवारी पाऊस आला नाही. लख्ख ऊन पडलं होतं. याबद्दल मी कुणाला दोष देत नाही, पण त्या उन्हाकडं मला बघवत नव्हतं.

नाना एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून कागदाची पुडी दिली. उघडली तर माझी चप्पल. एकच. वाळूनं भरलेली, पट्टा मिठानं पांढरा झालेला. "आज सकाळी मिळाली," ते म्हणाले. "दुसरी शोधतो. मिळाली की पाठवतो." एका चपलेचं मी काय करणार होते? पण त्यांच्या तोंडाकडं बघून मी ती पिशवीत ठेवली. "या हां परत," ते प्रज्ञाला म्हणाले. ती म्हणाली, "येते की नाना. पाणी कव्हा चढतं ते फोन करून सांगा." नाना हसायला गेले आणि त्यांना जमलं नाही.

शाळेतल्या बायांना मी सांगते, मीठबंगल्यात जरूर राहा. भिंतीला टेकू नका. गोदाम दोन मागून घ्या, पहाटे तिथून लाटा छान ऐकू येतात. किल्ल्याला जाताना चपला वर ठेवा. फोन गॅलरीच्या टोकाला लागतो, तेवढं विसरू नका.

प्रज्ञा आता मानवतला जिनिंगच्या हापिसात जाते. सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळी येते. पळायला जात नाही. बूट पलंगाखाली आहेत.

घरी कुणी पाहुणं आलं की तिचे बाबा म्हणतात, "प्रज्ञे, तो भरतीचा किस्सा सांग की." त्यांना तो किस्साच वाटतो, आणि ऐकणाऱ्याला हसू येतंच. पहिल्यांदा तिनं तो सांगितला तेव्हा मी दारात उभी होते. अमावास्या, हॉल तिकीट, उपडी केलेली बॅग, सगळं तिनं रंगवून सांगितलं. मग म्हणाली, "तर शुक्रवारी मी गॅलरीत बसले होते. नाना खालून मला म्हणाले, उद्या भरती हाय. अन् मी हसले! मीच म्हणले, झोपू द्या हो, भरती काय रोजचीच."

मी म्हटलं, "अगं, तू कुठं..."

"आई," ती वळूनही न बघता म्हणाली, "चहा टाकतीस का? पावण्यांना साखर कमी."

मी आत गेले आणि चहा टाकला. आता तर तो किस्सा ती इतका सफाईदार सांगते की कधीकधी मलाही गॅलरीत तीच बसलेली दिसते. फोनही तिनं स्वतःच बंद करून ठेवलेला असतो. तिच्या किश्श्यात माझ्या वाट्याला फक्त चपला आहेत. मी त्या पायरीवर काढून ठेवते, आणि त्या वाहून जातात.